थंड प्लाझ्मा आणि कर्करोग: संगणकीय मॉडेलची पहिली पावले

गोव्यातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या, थोडेफार प्रोग्रामिंग जाणणाऱ्या आणि थंड प्लाझ्माचा कर्करोगाच्या पेशींवर होणारा परिणाम संगणकावर मांडून पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. प्लाझ्माचे उपकरण हाताशी नसले तरी अडत नाही, कारण सुरुवातीच्या सर्व पायऱ्या साध्या लॅपटॉपवर होतात. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करणे भाग आहे: थंड प्लाझ्मा हा कर्करोगावरील सिद्ध झालेला उपचार नाही. घरात कोणी आजारी असेल तर त्याने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील किंवा अन्य कर्करोगतज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा. मॉडेलमधून निघालेला कोणताही आलेख त्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

थंड प्लाझ्मा म्हणजे असा वायू, ज्यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांच्या वर असते, पण अणू, रेणू आणि आयन जवळपास खोलीच्या तापमानालाच राहतात, आणि म्हणून त्याची ज्योत बोटावर धरली तरी भाजत नाही. हेलियम किंवा आर्गॉन एका नळीतून सोडून तिच्याभोवती उच्च विद्युतदाब लावला की असा झोत हवेत बाहेर पडतो. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे एव्हा स्टॉफेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘प्लाझ्मा सुई’ मांडल्यानंतर जिवंत पेशींवरील प्रयोगांना वेग आला. जर्मनीत डोके व मान यांच्या कर्करोगाच्या उघड्या, संसर्ग झालेल्या व्रणांवर वेदनाशामक काळजीचा भाग म्हणून थंड प्लाझ्मा वापरून पाहिला गेला, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शस्त्रक्रियेदरम्यान तो वापरण्याच्या मानवी चाचणीला परवानगी दिली. पेशींवर परिणाम करतात ते मुख्यतः झोताने निर्माण केलेले ऑक्सिजन व नायट्रोजनचे क्रियाशील घटक: हायड्रॉक्सिल मूलक, अणुरूप ऑक्सिजन, ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड, नायट्राइट वगैरे. त्यांतला कोणता घटक, किती प्रमाणात, किती वेळाने पेशीपर्यंत पोहोचतो, हे शोधण्यासाठी मॉडेल लागते.

पहिली पायरी: प्रश्न लहान करावा

‘प्लाझ्मा कर्करोगाच्या पेशी कशा मारतो?’ हा प्रश्न मॉडेलचा नाही, तो आयुष्यभराच्या संशोधनाचा आहे. नवख्याने एक घटक, एक जागा आणि एक बदलती राशी निवडावी. गोव्यात बसून विचारण्याजोगा एक चांगला प्रश्न आपल्या हवेतच आहे. प्रकाशित मॉडेलांत आजूबाजूची हवा अनेकदा कोरडी किंवा मध्यम दमट धरलेली असते. २५ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता धरली, तर हवेतील पाण्याच्या बाष्पाचा वाटा सुमारे १.६ टक्के येतो. जुलैत पणजीत २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ही नेहमीची स्थिती असते, आणि त्या वेळी हाच वाटा सुमारे ३.४ टक्के होतो. म्हणजे झोताला भेटणारे पाण्याचे रेणू दुपटीहून अधिक. बाष्प वाढले की हायड्रॉक्सिल मूलक आणि त्यातून बनणारे हायड्रोजन पेरॉक्साइड वाढण्याची अपेक्षा असते, आणि ओझोन कमी होतो. तेव्हा ‘तीन टक्के बाष्प असलेल्या हवेत, झोताखालच्या द्रवात एका मिनिटाला किती हायड्रोजन पेरॉक्साइड जमा होते?’ हा प्रश्न पुरेसा लहान आहे, मोजता येण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या हवामानातील शोधनिबंधावरून थेट उचलता येत नाही.

दुसरी पायरी: साधने

पायथन आणि त्यातील सायपाय हे ग्रंथालय पहिल्या कामांसाठी पुरते. इलेक्ट्रॉनांच्या टकरींसाठी बोल्सिग+ हा विनामूल्य प्रोग्राम वापरावा; तो हेगेलार आणि पिचफर्ड यांच्या २००५ सालच्या पद्धतीवर आधारलेला आहे. त्याला लागणारे काटछेद, म्हणजे इलेक्ट्रॉन एखाद्या रेणूवर आदळून अमुक प्रकारचा बदल घडवण्याची शक्यता सांगणारे आकडे, एलएक्सकॅट या खुल्या माहितीसाठ्यातून मिळतात. पेशीपटलाच्या रेणुपातळीवरील कामासाठी ग्रोमॅक्स आहे, तेही मुक्त आहे. कॉम्सॉलसारखे व्यापारी पॅकेज विद्यापीठात किंवा फर्मागुडी, झुआरीनगर येथील संस्थांत उपलब्ध असले, तरी सुरुवात त्याने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून झोताचे रंगीत चित्र दोन दिवसांत निघते, आणि त्या चित्रामागचा कोणता वेगस्थिरांक चुकीचा भरला आहे हे दोन महिने कळत नाही.

तिसरी पायरी: जागेचा विचार न करता वायूचे रसायन

पहिले मॉडेल ‘शून्य-मितीय’ असावे. त्यात झोताचा आकार नसतो, वाऱ्याचा वेग नसतो. सर्व घटक एका पेटीत एकसारखे मिसळलेले आहेत असे धरून प्रत्येक घटकाची घनता काळानुसार कशी बदलते एवढेच लिहायचे असते. प्रत्येक घटकासाठी एक विकलक समीकरण: तयार होण्याचे सर्व दर अधिक, नष्ट होण्याचे सर्व दर उणे. प्रकाशित संचांत शेकडो, काही वेळा हजाराहून अधिक अभिक्रिया असतात, पण नवख्याने पंधरा-वीस अभिक्रियांनी आरंभ करावा. इलेक्ट्रॉनाने ऑक्सिजनचा रेणू फोडणे, इलेक्ट्रॉनाने पाण्याचा रेणू फोडणे, उत्तेजित ऑक्सिजन अणूने पाण्यापासून दोन हायड्रॉक्सिल बनवणे, दोन हायड्रॉक्सिल मिळून हायड्रोजन पेरॉक्साइड होणे, ऑक्सिजन अणू व रेणू मिळून ओझोन होणे, हायड्रॉक्सिल व ओझोन यांची परस्परांतील झीज, नायट्रिक ऑक्साइडने ओझोन खाणे, आणि नायट्रोजन डायऑक्साइड व हायड्रॉक्सिल यांतून नायट्रिक आम्ल बनणे एवढ्यांत वरच्या प्रश्नाचा कणा येतो.

इलेक्ट्रॉनांच्या अभिक्रियांचे दर विद्युत क्षेत्र आणि वायूची घनता यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतात, आणि त्या गुणोत्तराचे एकक टाउन्सेंड (१०^-२१ व्होल्ट-चौरस मीटर) आहे. बोल्सिग+ मध्ये वायूचे मिश्रण भरून, बाष्पासह, एक ते तीनशे टाउन्सेंडपर्यंतचे कोष्टक काढावे व ते पायथनमध्ये वाचून घ्यावे. एकके नीट बसली आहेत का, याची एक सोपी परीक्षा आहे. वातावरणीय दाबाला हवेचे विद्युत भंजन सेंटीमीटरला सुमारे ३० किलोव्होल्टला होते. २५ अंशांला घनमीटरमध्ये सुमारे २.४६ × १०^२५ रेणू असतात, म्हणून हे क्षेत्र साधारण १२० टाउन्सेंड होते. हवेसाठी काढलेल्या कोष्टकात आयनीकरण इलेक्ट्रॉनांच्या ग्रहणाला याच परिसरात मागे टाकत नसेल, तर पुढे जाण्यापूर्वी काटछेदांची फाइल पुन्हा तपासावी.

दुसरी परीक्षा कागद-पेन्सिलीची आहे आणि ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने करावी अशी माझी शिफारस आहे. ऑक्सिजन अणू, ऑक्सिजन रेणू आणि तिसरा कोणताही रेणू यांच्या भेटीत ओझोन बनतो. खोलीच्या तापमानाला या अभिक्रियेचा वेगस्थिरांक सुमारे ६ × १०^-३४ सेंमी^६ प्रति सेकंद आहे. हवेतील ऑक्सिजनची घनता आणि हवेची एकूण घनता यांनी त्याला गुणले की सेकंदाला सुमारे ७५ हजार एवढा दर येतो. म्हणजे अणुरूप ऑक्सिजनचे आयुष्य १३ मायक्रोसेकंदांच्या आसपास. मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉन बंद करून, थोडा अणुरूप ऑक्सिजन हवेत सोडून, त्याची घट पाहावी. उत्तर १३ मायक्रोसेकंदांऐवजी १३ सेकंद आले, तर दोष निसर्गात नसून घनसेंटीमीटर आणि घनमीटर यांच्या रूपांतरात आहे.

समीकरणे सोडवताना एक अडचण हमखास येते. इलेक्ट्रॉनांच्या प्रक्रिया नॅनोसेकंदांत घडतात आणि उपचाराचा अवधी मिनिटांचा असतो. या दोन काळांमध्ये दहा-अकरा शून्यांचे अंतर आहे. अशा समीकरणांना ‘स्टिफ’ म्हणतात. सायपायची सोडवणूक-पद्धत न बदलता ठेवली तर संगणक इतकी लहान पावले टाकतो की रात्रभरात एक मिलिसेकंदही पुढे सरकत नाही. म्हणून ‘बीडीएफ’ किंवा ‘राडाऊ’ ही पद्धत निवडावी. शिवाय विद्युत स्पंद (विद्युतदाबाचे क्षणिक झटके) अनेक असतील, तर प्रत्येक स्पंद सोडवत मिनिटापर्यंत जाण्याची गरज नसते. रसायन स्थिरावेपर्यंतचे काही स्पंद पूर्ण सोडवावेत, त्यांतून दीर्घायुषी घटकांचा सरासरी निर्मितिदर काढावा आणि पुढचा काळ त्या सरासरीने चालवावा.

चुकीची मर्यादा ठरवणारा आकडाही पाहावा. सायपायमध्ये निरपेक्ष चुकीची मर्यादा मुळात दशलक्षांश धरलेली असते. घनता घनसेंटीमीटरला रेणूंत लिहिली असेल तर ती नगण्य आहे. पण द्रवातील संहती मोल प्रति लिटरमध्ये लिहिली, तर तोच आकडा एक मायक्रोमोल होतो, आणि आपल्याला हवे असलेले प्रमाण बहुधा काही मायक्रोमोल ते काही शेकडा मायक्रोमोल एवढेच असते. अशा वेळी गुळगुळीत, देखणा आणि चुकीचा आलेख मिळतो. प्रत्येक धावेच्या शेवटी ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन अणूंची बेरीज आरंभीइतकीच आहे का, आणि एकूण विद्युतभार शून्य आहे का, हे प्रोग्रामनेच छापावे अशी व्यवस्था करावी.

चौथी पायरी: द्रव

माझ्या मते या विषयाचा गाभा येथे आहे, आणि सर्वाधिक नवखे येथेच घाई करतात. प्रयोगशाळेत पेशी थाळीच्या तळाशी चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यावर पोषक द्रवाचा दोन-तीन मिलिमीटरचा थर असतो. वायूत जे बनले ते या थरातून पार झाल्याशिवाय पेशीला काहीच कळत नाही.

द्रवाच्या पृष्ठभागावर कोणता घटक किती शिरतो हे हेन्रीच्या नियमाने लिहितात, आणि येथील फरक प्रचंड आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड ओझोनपेक्षा सुमारे एक कोटी पट अधिक विद्राव्य आहे. म्हणून पहिल्याचा प्रवेश वायूच्या बाजूने तो पृष्ठभागापर्यंत किती वेगाने पोहोचतो यावर ठरतो आणि द्रव त्याला जवळजवळ अडवत नाही. दुसरा मात्र वायूत भरपूर असूनही द्रवात अल्पच उतरतो. वायूतील आकडे पाहून ‘ओझोन सर्वांत जास्त, म्हणून परिणामही त्याचाच’ असा निष्कर्ष काढणे यामुळेच धोक्याचे ठरते.

हायड्रॉक्सिल मूलकाचा हिशेब तर हातानेच करून पाहावा. अनेक पोषक द्रवांत लिटरला २५ मिलिमोल ग्लुकोज असते. ग्लुकोजशी हायड्रॉक्सिलचा वेगस्थिरांक सुमारे १.५ × १०^९ लिटर प्रति मोल प्रति सेकंद आहे, म्हणजे एकट्या ग्लुकोजमुळे त्याचे आयुष्य २५ ते ३० नॅनोसेकंदांवर येते. तेवढ्या वेळात विसरणाने तो सुमारे ११ नॅनोमीटर जातो. तीन मिलिमीटर खाली बसलेल्या पेशीपर्यंत तो कधीच पोहोचत नाही. तेव्हा द्रवाच्या संपूर्ण जाळीत हायड्रॉक्सिलचा माग काढण्यासाठी नॅनोमीटरच्या चौकटी आखणे व्यर्थ आहे. पृष्ठभागावरच त्याचे रूपांतर झाले असे धरावे आणि त्यातून निघणारे दीर्घायुषी घटक पुढे न्यावेत.

आता हायड्रोजन पेरॉक्साइड. पाण्यातील त्याचा विसरण गुणांक सुमारे १.४ × १०^-९ चौरस मीटर प्रति सेकंद. केवळ विसरणाने एक मिलिमीटर जायला त्याला सहा मिनिटे लागतात. तीन मिलिमीटर जायला जवळपास पाऊण तास ते तास. पण प्रयोगात एका मिनिटाच्या उपचारानंतर लगेच तळाशी बदल दिसत असेल, तर त्याचा अर्थ असा की वायूच्या झोताने द्रव ढवळला जातो आणि निव्वळ विसरणाचे मॉडेल तेथे लागू पडत नाही. सुरुवातीला दोन टोके सोडवावीत: एक, द्रव अजिबात ढवळला जात नाही, दोन, तो क्षणात एकसारखा होतो. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असते, आणि ही दोन टोके जवळजवळ असतील तर प्रवाहाचे गुंतागुंतीचे गणित करण्याचे कारणच उरत नाही.

द्रवाची निवडही लिहून ठेवावी. शुद्ध पाण्यावर झोत धरला की ते आम्लधर्मी होते; नायट्रस आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांतून तेव्हा पेरॉक्सिनायट्रस आम्ल बनते. पोषक द्रवात बायकार्बोनेटमुळे सामू ७.४ च्या आसपास टिकतो, नायट्राइट नायट्राइटच राहते आणि ही वाट जवळजवळ बंद होते. शुद्ध पाण्यासाठी केलेले मॉडेल पोषक द्रवाला लावू नये. काही पोषक द्रवांत सोडियम पायरुव्हेट असते, जे हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करते. ते संचात घालण्यास विसरले तर मॉडेल नेहमी जास्तीचे उत्तर देईल. कोरड्या हेलियमच्या झोताने द्रवाचे बाष्पीभवन होते, त्यामुळे आकारमान घटते आणि संहती वाढते, हेही समीकरणात आले पाहिजे.

पाचवी पायरी: पेशी

पेशीकडे जाताना दोन वेगळे मार्ग आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिला मार्ग साधा आहे: प्रत्येक पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड आत घेते व कॅटालेजसारख्या विकरांनी ते फोडते, असे धरून एक दर लिहायचा. या दराला थाळीतील पेशींच्या संख्येने गुणावे लागते. त्यामुळे तोच उपचार विरळ पेशींवर तीव्र आणि दाट पेशींवर सौम्य का ठरतो हे मॉडेलमधून आपोआप निघते. प्रयोगांचे परस्परविरोधी निष्कर्ष वाचताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग रेणूंचा. ग्रोमॅक्समध्ये काही शेकडा मेदरेणूंचे दुहेरी पटल घेऊन, त्यांतील काहींच्या जागी ऑक्सिडीकरण झालेले मेदरेणू ठेवून, पटलाची पारगम्यता किती वाढते ते पाहता येते. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात ॲनेमी बोगार्ट्स यांच्या गटाने या दिशेने बरेच काम केले आहे. पटलातील कोलेस्टेरॉल त्याला ऑक्सिडीकरणाच्या परिणामापासून वाचवते, असे त्यांच्या गणनांतून दिसते. कर्करोगाच्या पेशींना थंड प्लाझ्मा अधिक का बाधतो यासाठी पटलातील कमी कोलेस्टेरॉल हे एक गृहीतक आहे, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला वाट देणारी ॲक्वापोरिन प्रथिने अधिक असणे हे दुसरे. ही गृहीतके आहेत, नियम नव्हेत. सर्वच कर्करोग-पेशी निरोगी पेशींपेक्षा अधिक संवेदनशील आढळतात असेही नाही. शिवाय अशी गणना शेकडो नॅनोसेकंद ते काही मायक्रोसेकंद एवढाच काळ पाहते. तिच्यातून पारगम्यतेचा एक आकडा काढून पहिल्या मार्गाच्या समीकरणात घालता येतो. त्यावरून ‘पेशी मेली’ असे लिहिता येत नाही.

शरीरातील खऱ्या गाठीचे मॉडेल नवख्याने सध्या बाजूला ठेवावे. तेथे रक्तप्रवाह आहे, प्रतिकारशक्ती आहे, आणि थाळीतील द्रवासारखा सरळ थर नाही.

सहावी पायरी: शंका घेणे

प्रत्येक वेगस्थिरांक आळीपाळीने दुप्पट आणि निम्मा करून उत्तर किती हलते ते पाहावे. वीसपैकी तीन-चार अभिक्रियाच उत्तर ठरवतात असे बहुधा दिसेल, आणि त्याच अभिक्रियांचे मूळ शोधनिबंध वाचण्यात वेळ घालवावा. पावसाळ्यात दीर्घ गणना लावून झोपी जाण्याआधी मधले निकाल ठरावीक अंतराने साठवण्याची सोय करावी, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल याचे मॉडेल अजून कोणी केलेले नाही. वेगस्थिरांकांच्या फाइलीत प्रत्येक ओळीपुढे एकक, तापमान आणि तो आकडा कोठून घेतला हे लिहिलेले असावे.

घरी उच्च विद्युतदाबाचे उपकरण जोडून मॉडेल पडताळण्याचा मोह टाळावा. विजेचा धोका आणि बंद खोलीतील ओझोन, दोन्ही गंभीर आहेत. त्याऐवजी प्रयोग करणाऱ्या गटाशी संपर्क साधावा. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था हे देशातील या विषयाचे मोठे केंद्र आहे. अशा गटाला नुसते ‘तुमचे निकाल द्या’ असे लिहू नये. वायूची शुद्धता, नळी कोणत्या पदार्थाची (प्लॅस्टिकच्या काही नळ्यांतून ओलावा आत झिरपतो), नळीच्या तोंडापासून द्रवापर्यंतचे अंतर, खोलीची आर्द्रता, द्रवाचे नाव व आकारमान, पायरुव्हेट आहे की नाही, पेशींची संख्या, उपचारानंतर किती वेळाने मोजले आणि कोणत्या रंगद्रव्य-पद्धतीने मोजले, एवढे विचारावे. त्याचबरोबर विद्युतदाब बंद ठेवून केवळ हेलियम सोडलेल्या थाळीचे आकडेही मागावेत. त्या थाळीत रसायन नसते, पण बाष्पीभवन असते. आणि तीत रंगाचा एक थेंब टाकून तो पसरायला लागलेला वेळ कोणी टिपला असेल, तर ढवळण्याचा वेगही कळतो. हे दोन आकडे प्रथम मॉडेलमध्ये बसवावेत आणि त्यानंतर ते न बदलता प्लाझ्मा चालू असतानाचे मोजमाप उघडावे.